मोठ्या कुंडीचा तळ

२२ सप्टेंबर

क्लिफ नवा खुबा घेऊन घरी आला आणि दुपारचा चहा व्हायच्या आत मी दारातल्या कुंड्यांची मालकीण झाले! डॉक्टरांनी त्याला ख्रिसमसपर्यंत वाकायला सक्त मनाई केली आहे. इतकी वर्षं त्या कुंड्यांना मी नुसतं पाणी घातलेलंही त्याला खपत नसे. आता बुडवीन नाहीतर तारीन, माझी मी. म्हणून ही वही आणली.

खिडकीशी खुर्ची लावून दिली, तर बसल्या बसल्या हुकूम सुरू. "जिरेनियम उपटायचे, वरची चार बोटं माती काढायची, तेवढी नवी भरायची. झालं. तळाला हात लावायचा नाही."

"आणि पायरीजवळची मोठी कुंडी?"

"तिला तर अजिबातच नाही. तिचा तळ बसलाय, जॉयस. तळ बसायला वर्षं लागतात."

केवढी बारीकसारीक माहिती आहे या माणसाला! सगळं लिहून घेतलं.

४ ऑक्टोबर

कंद आणले! बाजारात त्या कंदवाल्या बाईच्या टेबलासमोर अर्धा तास उभी होते. क्लिफ आजवर दर हिवाळ्याला पॅन्सी लावत आला, उन्हाळ्याला जिरेनियम. मी म्हटलं, आपलं राज्य आलंय तर ट्युलिप! जवळजवळ काळे म्हणावेत असे जांभळे, आणि त्यांच्यात पेटल्यासारखे केशरी. पिशवी घेऊन येताना चढावर धाप लागली तरी मी गुणगुणत होते.

क्लिफचं तोंड मात्र उतरलं. "ट्युलिप? ते फार खोल लावावे लागतात."

"मग खोल लावू."

"क्रोकसचे कंद आण ना, राणी. बिचारे वरच्यावर बसतात."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमच्या आळीत सगळे आपापल्या दारात कुंड्या मांडतात, गावातली माणसं बघायला येतात, पायरीपायरीवर चहा आणि केक. त्या दिवशी माझ्या दारात काळे-केशरी ट्युलिप असणार. आणि मॉरीन ते बघायला येणार. हे मी अजून कुणाला बोलले नाही.

मॉरीन माझी मोठी बहीण. स्किप्टनला राहते, बसनं तासाभराचा रस्ता. आठ वर्षं ती या दारात आली नाही, आणि कारण काय तर आईची चहाची किटली. पांढरी, निळ्या फुलांची. आई गेल्यावर आमचं ठरलं होतं, एक वर्ष मॉरीनकडे, एक वर्ष माझ्याकडे, ईस्टरला अदलाबदल. माझ्या वर्षात ती एक दिवस फडताळातून नाहीशी झाली. मी घर उलथंपालथं केलं, रडले, क्लिफनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मॉरीन म्हणाली, "विकून खाल्लीस, दुसरं काय!" तेव्हापासून नाताळला नुसतं कार्ड. त्यावर मॉरीनची सही. आमच्याकडून क्लिफ पाठवतो, माझ्याच्यानं ते लिहवत नाही.

फार आठवण येते तिची. हे लिहायलाही लाज वाटते, कारण चोर मला म्हटलं गेलंय आणि आठवणही मीच काढायची!

१९ ऑक्टोबर

शेजारची ग्लेनिस भिंतीवरून वाकून बघत होती. म्हणाली, "नवीन कंपोस्टची पोती आणू नकोस गं, उगाच. कंद आपला डबा बरोबर घेऊन येतो. पहिल्या वर्षी फुलायला लागेल तेवढं सगळं त्याच्या पोटात असतं. जुनी माती फक्त मोकळी हवी, पाणी निचरलं पाहिजे."

"मग वरची चार बोटं काढू?"

"चार बोटं? सगळी कुंडी पालथी घाल! जुनी मुळं काढ, ढेकळं फोड, थोडी बारीक खडी मिसळ. आणि अळ्या बघ. पांढऱ्या, डोकं तपकिरी, अशा वळून झोपलेल्या असतात. आधी यात ट्युलिपच असते आणि त्यांना रोग पडला असता तर म्हटलं असतं, टाकून दे. जिरेनियमच्या मातीला काय धाड भरलीय?"

किती सोपं! आत येऊन क्लिफला सांगितलं, तर तो खुर्चीतून उठायलाच निघाला. "पालथी? त्या बाईला काय कळतं? तळाची माती वर आली तर कुंडी मरते!"

मी ग्लेनिसला भिंतीवरून विचारलं, कुंडी मरते का गं? ती इतकी हसली की तिला घरात जावं लागलं.

क्लिफचा खुबा दुखत असणार. दुखलं की चिडचिडतो. त्याला गरम पाण्याची पिशवी दिली.

८ नोव्हेंबर

लहान कुंड्या झाल्या! एकेक ताडपत्रीवर पालथी घातली. जिरेनियमची मुळं अशी गुंतली होती की कुंडीच्या आकाराची टोपीच निघाली. हातानं विंचरली, माती मोकळी केली. दोन कुंड्यांत अळ्या सापडल्या, अगदी ग्लेनिस म्हणाली तशा. मी किंचाळले. मग एक रॉबिन पक्षी येऊन ताडपत्रीच्या काठावर बसला आणि मी टाकीन तशी एकेक मटकावू लागला. शेवटी मीच त्याला हाका मारून वाढत होते.

प्रत्येक कुंडीच्या भोकावर खापरी, तिच्यावर जुनी माती आणि खडी, मग कंद आपल्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. वरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, खारींनी कंद उकरू नयेत म्हणून. नखांत माती, पाठ मोडली, आणि मला इतकं छान कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

क्लिफ खिडकीतून बघत होता. मोठ्या कुंडीकडे वळले की काच ठोठावायचा. मान हलवून नाही, नाही. मी हात हलवून त्याला हसून दाखवलं.

१४ नोव्हेंबर

नखांतली माती धुवायच्या आधी लिहायला बसलेय.

क्लिफ व्यायामासाठी इस्पितळात गेला होता. ग्लेनिस म्हणाली, "आता. तो यायच्या आत." दोघींनी मोठी कुंडी कलती केली, लोटली, आणि सगळी माती एकदम धप्पकन बाहेर आली. तळाची खरंच बसली होती, काळी, घट्ट. ती खुरप्यानं फोडली. आत खापऱ्या. त्यातली एक पांढरी होती. मी ती झग्याला पुसली आणि त्यावर निळं फूल.

मग दुसरी. मग कान. मग तोटी, अख्खी, टोकाला टवकासुद्धा नाही.

आईची किटली! माझ्या पायरीशी! आठ वर्षं मी तिच्यावरून येत-जात होते!

मी खाली बसून ओक्साबोक्शी रडले आणि मधेच हसले. ग्लेनिसनं खुरपं बाजूला ठेवलं. नुसती माझ्याकडे बघत उभी. मी म्हटलं, "अगं कळलं का तुला? मी विकली नव्हती! हा पुरावा!"

"हो," म्हणाली. "पुरावा आहे खरा."

"पण इथे कशी आली?"

तिनं घमेलं उचललं. "तुला काय वाटतं, जॉयस?"

मला एकदम सुचलं. अर्नी! खिडक्या पुसणारा अर्नी! तो तेव्हा महिन्यातून एकदा यायचा, फडताळ खिडकीलगत. शिडी आत लागली असेल, किटली पडली असेल, घाबरून मेल्यानं कुंडीत पुरली. बिचारा वारला दोन वर्षांपूर्वी, नाहीतर आजच जाऊन जाब विचारला असता. क्लिफचा डॉमिनोचा जोडीदार तो, दर गुरुवारी याच्याशी बसून खेळायचा, आणि पोटात हे!

ग्लेनिस म्हणाली की तिचा केक भट्टीत आहे.

१५ नोव्हेंबर

क्लिफला काल आल्या आल्या सांगितलं. तोटी त्याच्या हातात दिली. चेहरा अगदी पांढराफटक पडला त्याचा. माझं दुःख त्यालाही किती लागलं होतं ते तेव्हा कळलं.

"अर्नी?" म्हणाला.

"अर्नीच! दुसरं कोण?"

त्यानं तोटी हातात उलटीसुलटी केली. मग म्हणाला, "असेल."

आज मोठी कुंडी लावली. बाकीच्या खापऱ्या तळाला परत घातल्या, निचऱ्याला लागतातच, आणि आईची वस्तू उकिरड्यावर टाकवेना. तिच्यावर तीच जुनी माती, चाळून, खडी मिसळून. सगळ्यात जास्त कंद तिच्यात. तोटी तेवढी धुऊन खिडकीत ठेवली आहे, क्लिफच्या खुर्चीसमोर, म्हणजे त्यालाही दिवसभर दिसेल.

७ डिसेंबर

आठ वर्षांनी मॉरीनला फोन केला! तिचा आवाज ऐकून माझं नाव सांगायलाच विसरले.

"बोल जॉय," म्हणाली. ओळखलं तिनं! सगळं सांगितलं एका दमात.

"म्हणजे," मॉरीन म्हणाली, "अर्नीनं किटली फोडली. मग तुझी ती मणभर कुंडी उपसली, तुकडे तळाला नीट मांडले, माती भरली, जिरेनियम परत लावले आणि मग राहिलेल्या खिडक्या पुसल्या?"

अशीच आहे ती पहिल्यापासून. समोरच्यानं मन मोकळं करावं आणि हिनं टोमणा मारावा. मी म्हटलं, "रविवारी ये कुंड्यांच्या, एप्रिलमध्ये. स्वतः बघ."

"क्लिफ काय म्हणतो?"

"तो म्हणतो घाई नको, वसंतात बोलाव. तुझ्याही मनाचा विचार करतो तो."

मॉरीननं नाकातून आवाज काढला. येते म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही!

१ फेब्रुवारी

आले!! जाळीखाली हिरवी-लालसर नाकं! मोठ्या कुंडीत सगळ्यांत आधी. गुडघ्यावर बसून मोजायला लागले आणि आनंदात चुकले. जुन्या मातीत, क्लिफसाहेब, तळ उपसलेल्या कुंडीत!

ग्लेनिस फोटो काढत होती. दर वर्षी काढते आमच्या दाराचे. आता पुढच्या वर्षी तिच्याही दारात काळे-केशरी दिसतील. दिसू देत, माझं मन मोठं आहे.

१५ मार्च

क्लिफ काठीशिवाय चालतो. पण गुरुवारी डॉमिनोला जात नाही. कारण विचारलं तर म्हणे, खुबा. चालून दाखवतो तो कुणाचा खुबा मग?

चॅपलमध्ये आज प्रार्थनेनंतर सगळ्या बायकांना अर्नीची गोष्ट सांगितली. आधी फक्त दोघींना सांगितली होती. "शांत माणसांच्या पोटातच असतं," म्हणाल्या. घरी येऊन क्लिफला हे सांगितलं तर त्यानं ताट सारलं. "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये गं."

"मग जिवंतपणी त्यानंच बोलायला हवं होतं!" मी म्हटलं. तो खिडकीतल्या तोटीकडे बघत बसला.

२१ एप्रिल

उघडले. आज सकाळी पडदा सारला आणि मला आत कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. केशरी आधी, काळे त्यांच्यामागे अजून मिटलेले. पोस्टमन थांबला. समोरची मुलगी थांबली. मी कामाशिवाय सहा वेळा पायरी झाडली.

मॉरीनचा फोन नाही.

२६ एप्रिल

क्रमानं लिहिते, नाहीतर काहीतरी राहील.

दहापासून माणसं. काळे ट्युलिप बघायला रांग! "माती कुठली घालता?" असं तीन जणींनी विचारलं आणि मी, जॉयस, कमरेवर हात ठेवून सांगितलं, "जुनीच. गेल्या वर्षीची. कंद आपला डबा बरोबर आणतो." ग्लेनिस मागे चहा ओतत होती, काही बोलली नाही, भली बाई.

बाराच्या बसनं मॉरीन आली. केस सगळे पांढरे. आईचा कोट. ती सरळ मोठ्या कुंडीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फोटोपेक्षा गडद आहेत." मग मी तिला मिठी मारली, तिनं छत्रीसकट मला.

मी तोटी आणून दाखवली. आजूबाजूला चॅपलच्या सगळ्या होत्याच. त्यातली एक म्हणाली, "बघा तो अर्नी! माझ्याही घरी यायचा हो. माझा साखरेचा चांदीचा चिमटा सापडत नाहीय, आता कळलं!"

"पुरे!"

क्लिफ दारात उभा होता. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "अर्नीनं आयुष्यात कुणाची टाचणी घेतली नाही. किटली मी फोडली."

केक तोंडात धरून माणसं उभी.

"झारी गळत होती," तो म्हणाला. "रोपं कोवळी होती. त्या किटलीची धार बारीक पडते, म्हणून घेतली फडताळातून. पायरीवर निसटली. म्हटलं, जॉयस बाजारातून आली की सांगू. ती येऊन रडायलाच लागली, म्हटलं उद्या सांगू."

"आणि कुंडीत का पुरलीस?" मॉरीननं विचारलं.

"पुरली नाही. त्याच दिवशी मोठी कुंडी भरत होतो." आता त्याचा आवाज अगदी खाली गेला. "भोकावर घालायला खापऱ्या हव्याच होत्या."

मला आधी काही ऐकूच येईना. मग सगळं एकदम आलं. बसलेला तळ, क्रोकस, काच ठोठावणं. आठ वर्षं माझ्या डोक्यावर खापर फुटत होतं आणि हा शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होता! मी तसंच म्हटलं त्याला, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. आणि हेही म्हटलं की बायकोसाठी तुझं तोंड उघडलं नाही, डॉमिनोच्या जोडीदारासाठी उघडलं!

"हो," क्लिफ म्हणाला. "तो आता स्वतः सांगू शकत नाही ना."

मी रडायला लागले. तेवढ्यात बाजूनं विचित्र आवाज यायला लागला. मॉरीन हसत होती. कोटाच्या बाहीत तोंड खुपसून, आईसारखी, खांदे गदागदा हलवत.

"खापऱ्या हव्याच होत्या!" म्हणाली. "जॉय, अगं, याला खापऱ्या हव्याच होत्या!" मग मीही हसायला लागले, इतकी की पायरीवर बसावं लागलं. ती माझ्या शेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंस."

"डिसेंबरात फोन ठेवला तेव्हाच कळलं होतं मला. पण मग यायचं कुठल्या तोंडानं?" तिनं डोळे पुसले आणि कुंडीकडे बघितलं. "बाकीचे तुकडे कुठेत?"

"आहेत तिथेच. तळाला."

"आणि ईस्टर होऊन गेला."

"तीन आठवडे झाले."

"मग यंदा माझी पाळी," मॉरीन म्हणाली.

२८ एप्रिल

क्लिफशी बोलत नाही. मीठ हवं असेल तर ग्लेनिसला भिंतीवरून सांगते, ती त्याला सांगते. काल तो चॅपलच्या प्रत्येक बाईच्या दारी जाऊन अर्नीबद्दल सांगून आला. चालत. चढावरसुद्धा. संध्याकाळी बूट काढताना कण्हला, तरी मी बघितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याच्या ताटात दोन बटाटे जास्त वाढले. चुकून.

१७ मे

कुंडी पोचवून आलो. फुलं गळलीत, पानं पिवळी पडायला लागलीत, पण मॉरीन म्हणाली असू दे, पुढं बघू, वर पॅन्सी लावीन. ग्लेनिसनं गाडी दिली आणि चालवायला स्वतः आली. मागच्या सीटवर क्लिफ, स्किप्टनपर्यंत कुंडीला दोन्ही हातांनी मिठी मारून. वळणावर मी एकदा म्हटलं, "सांभाळून." तीन आठवड्यांत मी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द. तो इतका खूश झाला की नाक पानांत गेलं.

मॉरीननं पायरीजवळची जागा झाडून ठेवली होती. क्लिफनं कुंडी टेकवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. मॉरीन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या ईस्टरला तूच न्यायला यायचं. आणि मधल्या काळात तळाला हात लावायचा नाही, बरं का. तळ बसायला वर्षं लागतात."

मी तिला ही ओळ कधी सांगितली ते मला आठवत नाही. स्वयंपाकघरात चहा करायला गेले तर तिच्या फ्रिजवर माझ्या दाराचे फोटो. पॅन्सी, जिरेनियम, पॅन्सी, जिरेनियम, आठही वर्षांचे, आणि शेवटी काळे-केशरी ट्युलिप. काहींत मी पाठमोरी, पायरी झाडताना. म्हणजे मॉरीन दर वर्षी बसनं येऊन, लांबून बघून, मला न भेटता परत जात होती! ग्लेनिसला ओढत आणून दाखवलं. तिनं फोटोंकडे पाहिलंही नाही, म्हणाली, "दूध कुठे ठेवलंय मॉरीननं?"

मी फ्रिजसमोर उभी राहून मनसोक्त रडले. मग चौघांचा चहा केला, मॉरीनच्या साध्या तपकिरी किटलीत, आणि बाहेर पायरीवर नेला.